चिठ्ठ्यांची पाठ

१४ जानेवारी १८८९, सोमवार. रिपन.

अखेर गाठोडं आलं. पोस्टमनने ते दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणलं आणि माझं घर सांभाळणाऱ्या गार्बटबाईंना विचारलं, "मास्तरांनी डुक्कर मागवलंय का?" आत पाचशे अठरा चिठ्ठ्या, सुतळीने बांधलेल्या. ठिकठिकाणच्या वाचकांनी जुन्या पुस्तकांतून एकेक वाक्य उतरवून काढलेलं, खाली पुस्तकाचं नाव, साल आणि पान. या खेपेला नव्या इंग्रजी शब्दकोशाच्या संपादकांनी मला शब्द दिला आहे 'रेकनिंग'. मोजदाद, हिशेब, झाडा, निवाडा, सगळं या एका शब्दाच्या पोटात. अर्थांप्रमाणे वेगळ्या करायच्या, सालवार लावायच्या आणि एप्रिलअखेर लंडनला परत धाडायच्या.

शाळा सोडून तीन वर्षं झाली, पण वह्या तपासायची खोड गेली नाही. पोरांच्या संपल्या, आता मेलेल्या लेखकांच्या तपासतो.

कचेरीने वाचकांसाठी नवी यादी छापली आहे. कोणत्या शब्दाला आणखी उतारे हवेत, आणि तो कोणाकडे आहे. त्यात 'अ‍ॅम्ब्रोज लॉफ्टहाऊस, रिपन' असं माझं नाव आहे. मी ते तीनदा पाहिलं. थर्झाच्या हाती ही यादी पडली तर, असं मनात आलं. ते इथे लिहिण्याचं काही कारण नाही.

१७ जानेवारी, गुरुवार

जेवणाच्या टेबलावर ढीग मांडले. ते उडू नयेत म्हणून दौत, पितळी घंटा, नदीतला गोटा, जे हाताला लागलं ते वर ठेवलं. एक मुलांचा चिनी मातीचा मग होता, तोही ठेवला.

गार्बटबाई दारात उभ्या. "मास्तर, जेवण कुठं वाढू? टेबलावर का तुमच्या मांडीवर?"

"स्वयंपाकघरात जेवेन."

"पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. माझं नशीब उघडलं म्हणायचं."

बाईंना अक्षरओळख नाही. शहाण्या आहेत, पण चिठ्ठीचं महत्त्व त्यांना सांगणं म्हणजे मांजराला पंचांग वाचून दाखवण्यासारखं आहे.

पहिला ढीग सगळ्यात जुन्या अर्थाचा. संपादक लिहितात की आपल्या जुन्या भाषेत या शब्दाच्या मुळाचा अर्थ मोजणं नव्हताच, सांगणं होता. उलगडून सांगणं. मोजणं मागून आलं. डच आणि जर्मन भावंडांकडे मोजणंच उरलं आहे. दुसरा ढीग मोजदादीचा. तिसरा खानावळीच्या बिलाचा. चौथा आपल्या वागणुकीचा झाडा देण्याचा, शेवटच्या दिवशी देवापुढे द्यायचा तोही त्यातच. हा चौथा ढीग सगळ्यात उंच आहे आणि मला सगळ्यात आवडतो. उतारे भारदस्त आहेत.

मी स्वतः हा शब्द मोठ्याने एकदाच वापरला आहे. सहा वर्षांपूर्वी याच घराच्या उंबऱ्यावर माझ्या मुलीला, थर्झाला, म्हणालो, "याचा झाडा तुला एक दिवस द्यावा लागेल." ती तेव्हा बावीस वर्षांची होती. आई लहानपणीच गेलेली, मी एकट्याने शिकवून शहाणी केलेली पोर, आणि तिने लग्न करायला शोधला कोळशाच्या बोटीवरचा एक खलाशी. तो माणूस याच खोलीत टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मला पुस्तकातलं फार कळत नाही." त्याच्याविरुद्ध आणखी पुरावा लागत नव्हता.

तिची नऊ पत्रं आली. नऊच्या नऊ न उघडता, वर 'परत' असं लिहून मी परत धाडली. आठवं काळ्या काठाच्या पाकिटात आलं होतं. पत्ता तिच्याच अक्षरात होता, म्हणजे ती सुखरूप होती. त्याच्याकडचं कोणी गेलं असेल. नववं येऊन दोन वर्षं होतील. त्यानंतर नाही. ठीक आहे. न वाचता परत पाठवणं हे वाचून उत्तर न देण्यापेक्षा सभ्यपणाचं, असं माझं मत आहे.

२९ जानेवारी, मंगळवार

कचेरीतून नव्या चिठ्ठ्यांचं पाकीट आलं. त्यात चौदा चिठ्ठ्या एका नव्या वाचकाच्या. कचेरी वाचकांना नावाने नाही, क्रमांकाने ओळखते. हा ४१७. अक्षर कष्टाचं, नांगरटीसारखं, पण उतारा असा की मी मूळ पुस्तक काढून ताडून पाहिला तर एका टिंबाची चूक नाही. बहुतेक जुन्या सागरप्रवासांतले. पाचवा ढीग करावा लागला: आकाश झाकलेलं असताना जहाज कुठवर आलं याचा दर्यावर्दी अंदाज बांधतात, तो अर्थ. निवृत्त कप्तान असावा, किंवा आरमारातला पाद्री. चांगल्या घरचा आहे हे नक्की.

सोबत दोन ओळी: 'चिठ्ठ्यांसाठी घरात पडून असलेला कागद वापरला आहे. एका बाजूने कोरा होता, आणि कोणाच्याच उपयोगाचा राहिला नव्हता.' काटकसरी माणूस. असे वाचक हवेत.

६ फेब्रुवारी, बुधवार

गार्बटबाईंवर ओरडलो. त्याचं वाईट वाटतं, पण ओरडायलाच हवं होतं.

बाई धूळ झटकत होत्या आणि ४१७ची एक चिठ्ठी त्यांनी उलटी धरली होती. "मास्तर, बघा तरी. पक्षी."

"पालथी घाला ती. म्हणजे सुलटी."

"अहो पण हा पक्षी—"

"बाई, ही कोणाची तरी खाजगी पत्रं आहेत. वाचकाने कागद वाचवायला कापून दिली म्हणून आपण ती वाचायची नसतात. पोरांनी एकमेकांच्या चिठ्ठ्या वाचल्या तर मी काय करत असे?"

"छड्या मारत होतात. पण मला कुठं वाचता येतं? मी पक्षी बघितला."

"पक्षीसुद्धा बघायचा नाही."

बाईंनी चिठ्ठी पालथी घातली आणि निघून गेल्या. आजवर माझी नजर चुकून एकदाच मागच्या बाजूला गेली. बायकी अक्षर आहे एवढं कळलं, लगेच डोळे काढून घेतले. माझ्या चष्म्यातून पुढचं वाचतानाच मारामार, तिथे मागचं कशाला? सभ्य माणसाला कागदाची एकच बाजू असते.

७ फेब्रुवारी, गुरुवार

मटणात मीठ नव्हतं. बाईंचा राग आहे.

२० फेब्रुवारी, बुधवार

४१७ आणि माझ्यात कचेरीमार्फत छान जुंपली आहे. मी कळवलं होतं की त्याच्या एकतिसाव्या चिठ्ठीत स्वल्पविराम गळला आहे. त्याचं उत्तर: 'पुस्तक पुन्हा पाहिलं. स्वल्पविराम नाही. तो असायला हवा होता हे कबूल, पण मी फक्त उतरवून घेतो.' मी दिवसभर स्वतःशी हसत होतो. कितीतरी वर्षांत मला कोणी असं उलट उत्तर दिलं नव्हतं. थर्झा देत असे.

आणखी एक प्रश्न विचारला होता, खरं तर कोशासाठी गरज नव्हती. न दिसणाऱ्या गोष्टींवरून बांधलेल्या अंदाजावर खलाशी विश्वास कसा ठेवतात? तो लिहितो: 'कोणीच ठेवत नाही. वेग, दिशा आणि वेळ यांवरून नकाशावर खूण करतात, पण पेन्सिलीने. दिवस जातात तशी चूक वाढत जाते, तो कोणाचा गुन्हा नाही. किनारा दिसला की खोडतात आणि तिथून पुन्हा सुरू करतात. खोडायला कोणी लाजत नाही. जो लाजतो तो बोट खडकावर घालतो.'

हे उत्तर मी वहीत उतरवून ठेवलं. पुस्तकात छापलेलं नाही म्हणून कोशात जाणार नाही, हे दुर्दैव.

५ मार्च, मंगळवार

ईस्टरच्या उपासापूर्वीचा, धिरडी खायचा मंगळवार. अकराला चर्चमध्ये धिरड्यांची घंटा झाली आणि बाईंनी तवा ठेवला. तीन केली. तिसरं बशीएवढं, लहान.

"हे कोणाला?"

"असंच. पोराटोराला असावं एखादं."

"या घरात पोर कुठलं?"

"घरात नाही," बाई म्हणाल्या आणि ते लहान धिरडं खिडकीत नेऊन ठेवलं. थर्झासाठी ठेवत तसं, थंड व्हायला. बाईंचं आता वय झालं. हल्ली एक लहान टोपीही विणतात, त्यांच्या बहिणीच्या नातवासाठी असेल. मी विचारलं नाही.

लहानपणी थर्झा बाईंना निरोपाच्या चिठ्ठ्या ठेवी. बाईंना वाचता येत नाही म्हणून खाली चित्रं काढी. दूध आणायचं असेल तर किटली, उशीर होणार असेल तर चंद्र. आणि सहीच्या जागी शेपटी वर केलेला एक चिमुकला पक्षी. आज धिरड्यामुळे आठवलं.

१२ मार्च, मंगळवार

बाई भांडी घासता घासता म्हणाल्या, "त्या तुमच्या शब्दाचा बायकांचा अर्थ घेतलात का? दिवस भरायची तारीख. आमच्यात म्हणतात, अमकीची रेकनिंग टळली, दोन आठवडे वर गेली, जीव टांगणीला लागला."

"छापील पुरावा हवा, बाई."

"पोरं काय छापून जन्मतात?"

आणि काय योगायोग, आजच्याच टपालात ४१७ने नेमका तो अर्थ पाठवला. दीडशे वर्षांपूर्वीच्या सुइणींच्या पुस्तकातून! आरमारातल्या पाद्र्याने सुइणींचं पुस्तक का उघडावं? माणूस चतुरस्र आहे. सहावा ढीग मांडला आणि त्यावर बाईंचं अंगठी ठेवायचं भांडं ठेवलं.

त्याच्या या खेपेतल्या पाच-सहा चिठ्ठ्यांना कडेला काळा काठ आहे. म्हणजे शोकाचं पत्रसुद्धा कापून वापरलं. काटकसरीलाही मर्यादा असावी. त्याच्याबद्दल माझं मत किंचित उतरलं.

बाईंनी त्यातली एक बराच वेळ हातात धरली होती. मी पाहिलं, पण त्या रडत होत्या म्हणून ओरडलो नाही. बहिणीकडून काही बातमी आली असेल. विचारायला हवं होतं.

२५ मार्च, सोमवार

पहिले दोन ढीग पुरे करून लंडनला रवाना केले. सांगण्याचा आणि मोजण्याचा. काळ्या काठाच्या बहुतेक त्यातच गेल्या. गाठोडं देताना बाईंनी ते पोस्टमनच्या हातून जवळजवळ हिसकावलं. "आज नका ना पाठवू, मास्तर." का, ते सांगेनात. मी पाठवलं.

९ एप्रिल, मंगळवार

वाईट बातमी. ४१७ जातो आहे. शेवटच्या अकरा चिठ्ठ्या आणि सोबत पत्र. बाईंनी हट्टच धरला म्हणून मोठ्याने वाचून दाखवलं:

'या माझ्या शेवटच्या. कॅनडात मोठ्या तलावावरच्या आगबोटीवर दुय्यम अधिकाऱ्याची जागा मिळाली आहे. बायको आणि मुलीसह लिव्हरपूलहून गुरुवारी २५ तारखेला निघतो. त्या आठवड्यात बंदराजवळच्या मिसेस डॉयल यांच्या खानावळीत आहोत. कोणाला काही विचारायचं असेल तर तोवर विचारावं. परत येणं व्हायचं नाही.'

"पंचवीस," बाई म्हणाल्या. "म्हणजे ईस्टर झाला की तिसऱ्या दिवशी."

"चौथ्या. उत्तम वाचक गेला. असा पुन्हा मिळणार नाही."

"निरोप द्यायला जा की."

"ओळख ना पाळख! मी त्याला कधी पाहिलेलं नाही."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दुधाचं भांडं लाथाडलं. मग म्हणाल्या, "मास्तर, त्या अकरा चिठ्ठ्या एकदा उलटून बघा. माझ्यासाठी. त्यात बोट काढलीय."

"बाई, पुन्हा तेच?"

"पंचवीस वर्षांत मी तुमच्याकडं काही मागितलं का?"

खरं आहे, मागितलं नाही. पण तत्त्व ते तत्त्व. आज एकासाठी मोडलं तर उद्या काय? मी नाही म्हटलं. बाई आपल्या खोलीत गेल्या आणि चहा मी स्वतः केला.

१९ एप्रिल, गुड फ्रायडे

बाई माझ्याशी दहा दिवस बोललेल्या नाहीत. गोड पाव टेबलावर ठेवून गेल्या, त्यावरचा क्रूससुद्धा वाकडा होता.

२० एप्रिल, शनिवार

हे नीट लिहिलं पाहिजे.

दुपारी कॅथीड्रलमधून परत आलो तर घरात कोणी नाही. टेबलावरचे चारही ढीग विसकटलेले. ४१७च्या सगळ्या चिठ्ठ्या त्यांतून वेचून काढलेल्या आणि टेबलभर पसरलेल्या, पालथ्या. काठाला काठ लावून, पत्ते मांडतात तशा. बाईंना अक्षर येत नाही, पण त्यांनी शाईचा रंग, कागदाचा पोत आणि चित्रं पाहून कित्येक बरोबर जुळवल्या होत्या. वर विणलेली लहान टोपी ठेवलेली.

तीन महिन्यांची सालवार रचना! मी इतका संतापलो की काठी आपटली. बाईंना आजच्या आज काढून टाकायचं ठरवलं आणि चिठ्ठ्या सुलट करायला बसलो. पण सुलट करायची तर हातात घ्यावी लागते, आणि हातात घेतली की दिसते.

पहिल्याच चिठ्ठीवर वर 'प्रिय बाबा' होतं.

मला वाटलं कोणा दुसऱ्या मुलीने कोणा दुसऱ्या बाबाला लिहिलं असेल. जगात बाबा पुष्कळ आहेत. मग तो शेपटी वर केलेला पक्षी दिसला. मग मी भिंग घेतलं. एका बाजूनेच लिहावं, शाई उमटते, हे मीच तिला शिकवलं होतं. सहाव्या वर्षी, याच टेबलाशी.

२१ एप्रिल, ईस्टर रविवार

कॅथीड्रलमध्ये गेलो नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

मी परत धाडलेली नऊ पत्रं. एकेकाचे आठ-नऊ तुकडे. काही बिलाच्या ढिगात होते, काही झाड्याच्या, काही सुइणींच्या. मी दीड दिवस तेच करतो आहे, आणि पुरती होत नाहीत, कारण ज्या चिठ्ठ्या सांगण्याच्या आणि मोजण्याच्या ढिगात पडल्या त्या लंडनला गेल्या. आठव्याचे, काळ्या काठाच्याचे, दोनच तुकडे उरलेत. एकावर '...बाबा, तुम्ही एकदा तरी' आणि पुढे कापलेलं. दुसऱ्यावर पाळणा काढलेला, रिकामा.

दुसऱ्या पत्रात आहे: 'विल रोज संध्याकाळी माझ्याजवळ बसून लिहायला शिकतो. शुद्धलेखनात अजून अडखळतो, पण उतरवून घेताना टिंब चुकत नाही. तुम्हाला आवडला असता.' पाचव्यात: 'मुलगी झाली. दोन आठवडे वर गेले होते, विलचा जीव टांगणीला लागला होता. नाव मार्था ठेवलं, आपल्या गार्बटबाईंचं.' या बाईंचं नाव मार्था आहे, हे मला माझ्या नातीकडून कळलं.

शेवटच्या अकरा चिठ्ठ्या हे दहावं पत्र. ते टपालात कधी पडलंच नव्हतं. 'बाबा, हे मी टाकत नाही. विल म्हणतो, आपण कापून पाठवू. तुझे वडील पत्रं परत धाडतात, पण चिठ्ठी त्यांनी आजवर कोणाची परत धाडलेली नाही. कधीतरी उलटतील.'

मी उलटलं नाही. एका अडाणी बाईने उलटलं. अडीच महिने ती सगळं जाणत होती. तिला धिरडं कोणासाठी ठेवायचं ते ठाऊक होतं, रडायचं कधी तेही. मी तिला सभ्यपणा शिकवत होतो.

संध्याकाळी बाई बहिणीकडून परत आल्या, डोक्यावर हॅट, हातात पिशवी. "काढून टाकायचं असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे पिशवी उघडत नाही."

मी म्हटलं, "मार्था, लिव्हरपूलच्या गाड्यांचं वेळापत्रक कुठे ठेवलंय?"

त्या खुर्चीत बसल्या आणि एप्रन तोंडाला लावून घेतला. मग म्हणाल्या, "घड्याळाच्या मागं. ते पत्र वाचलंत त्या दिवसापासून ठेवलंय."

२४ एप्रिल, बुधवार. लिव्हरपूल.

काल सकाळी निघालो, लीड्सला गाडी चुकली, आज दुपारी पोचलो. गार्बटबाई म्हणाल्या, मी आले तर तुम्ही माझ्याआड लपाल, एकटे जा. टोपी पाठवली आहे.

दार त्यानेच उघडलं. दाढी ठेवली आहे. मला पाहून त्याने डोक्यावर नसलेली टोपी काढायला हात वर नेला.

"उलटलंत तर खरं," तो म्हणाला.

"मी नाही. गार्बटबाईंनी." निदान एवढं तरी खरं सांगायचं असं गाडीत ठरवलं होतं.

"आम्हालाही त्यांचाच भरवसा होता." आणि मग, जिना चढताना मागे वळून: "स्वल्पविराम नव्हता हं, मास्तर."

थर्झा ट्रंक भरत होती. तिने काम थांबवलं नाही. एक पेटीकोट तिने तीनदा घडी केला. केसांत पांढरं दिसलं, अठ्ठाविसाव्या वर्षी.

"नऊ वेळा, बाबा," ती म्हणाली.

"हो."

"पोस्टमन हातात द्यायचा आणि माझ्याकडे बघायचासुद्धा नाही."

मला मोठी क्षमायाचना पाठ होती, लीड्सच्या फलाटावर रचलेली. ती तोंडातून निघाली नाही. मी चिठ्ठ्यांचं पुडकं काढलं, खाटेवर उलट्या मांडल्या आणि म्हटलं, "मी वाचतो. जिथे तुकडा नाही तिथे तू सांग." आणि तिचीच पत्रं तिला वाचून दाखवायला लागलो. वर्गात वाचत असे तशी, मोठ्याने.

पहिल्या पत्रातल्या जागा ती गाळत गेली. नुसती घड्या घालत राहिली. दुसऱ्यात एका जागी म्हणाली, "तिथे छप्पर गळतं असं होतं." मग म्हणाली, "गळायचं नाही, धो धो पडायचं. तुम्हाला काळजी नको म्हणून गळतं लिहिलं." तिसऱ्यात ती हसली. विलने पहिल्यांदा लिहिलेलं पत्र वाण्याला होतं आणि त्यात त्याने साबणाऐवजी भलतंच मागवलं होतं. छोटी मार्था जिन्यावर बसून आमच्याकडे बघत होती. डोक्यावर टोपी, जरा मोठी होते.

आठव्याशी मी थांबलो. दोनच तुकडे. मी ते वाचले आणि रिकामा पाळणा तिच्यापुढे धरला.

तिने हातातलं खाली ठेवलं. "तिथे होतं की मुलगा झाला. अकरा दिवस होता." तो पाळणा माझ्या हातातून घेतला. "त्याचं नाव अ‍ॅम्ब्रोज ठेवलं होतं. लिहिलं होतं की एकदा तरी या, तुम्ही आलात की पुरू."

ते पाकीट मला आठवतं. मी ते बोटांच्या चिमटीत धरलं होतं. 'परत' लिहिताना टाक नीट चालेना म्हणून दुसरा घेतला होता.

मी रडलो. सत्तरीला आलेला माणूस, कोळशाच्या बोटीवरल्या खलाशापुढे. तो उठून खिडकीशी गेला आणि मला सवड दिली. थर्झा जवळ आली नाही, पण खाटेवर बसली, आणि चिठ्ठ्या मध्ये होत्या त्या तिने हाताने बाजूला सारल्या.

नववं वाचायला वेळ उरला नाही. सामान न्यायला गाडी आली.

२५ एप्रिल, गुरुवार

धक्क्यावर विलने हात पुढे केला. मी दोन्ही हातांनी धरला. थर्झा म्हणाली, "लिहीन. पण आता एकच. तुमचं उत्तर आलं की दुसरं." तिची अट वाजवी आहे.

मार्थाने टोपी हलवली. बोट वळेपर्यंत दिसत होती.

३० एप्रिल, मंगळवार. रिपन.

४१७चे माझ्याकडे उरलेले सगळे उतारे नव्या कोऱ्या कागदावर उतरवून काढले. एका टिंबाची चूक नाही, दोनदा ताडून पाहिलं. ते धाडले आणि संपादकांना लिहिलं की मूळ चिठ्ठ्या मी ठेवून घेतो आहे आणि मार्चमध्ये गेलेल्याही कृपया परत मिळाव्यात. नियमात बसत नाही हे मला ठाऊक आहे. पुढची बाजू कोशाची आहे, मागची माझी. सालवार रचना आता पूर्वीसारखी चोख नाही, तेही कळवलं.

मग कॅनडाला पत्र लिहिलं. तीन पानं. वर तारीख टाकली आणि तिच्या पत्राची वाट न पाहता आजच टाकायचं ठरवलं. लिहिताना दोनदा अडलो, तेव्हा जे सुचत नव्हतं ते सुचत नाही असंच लिहिलं. गार्बटबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "टोपी बसली का ते लिहिलंत, पोरीचे डोळे कोणावर गेलेत ते लिहिलं नाहीत." ते लिहिलं. तिच्या आजीवर.

मग बाईंनी माझ्या हातातून टाक घेतला, जीभ दातांत धरली आणि माझ्या सहीखाली पक्षी काढला. त्याला तीन पाय झालेत. मी काही तपासलं नाही. शाई वाळू दिली आणि पाकिटात घातलं.